बैलगाडीच्या आडोशाने : माळावरच्या एका काळविटाच्या शिकारीची आखणी

गेल्या फेब्रुवारीच्या अखेरीस कोल्हापूरहून आम्ही पाच जण सोलापूरच्या उत्तरेकडील एका गावी तीन दिवसांसाठी गेलो होतो. पूर्ण वाढलेल्या, काळ्याभोर नर काळविटाची त्याच्या स्वतःच्या हद्दीतली छायाचित्रे, शिंगाचे पीळ मोजता येतील इतक्या जवळून, घ्यायची एवढाच आमचा उद्देश होता. हत्यार म्हणाल तर चारशे मिलिमीटरची एक लेन्स आणि दोन दुर्बिणी. तरीही या प्रकरणाला मी शिकारच म्हणतो, कारण उघड्या माळावर काळविटाच्या जवळ पोहोचण्याचा प्रश्न बंदूकवाल्याला जसा सोडवावा लागत असे तसाच तो कॅमेरावाल्यालाही सोडवावा लागतो, आणि आमची पहिली आखणी ज्या कारणाने फसली ते कारण जुन्या शिकाऱ्यांना पाठ होते.

कायद्याची बाजू आधी सांगतो, कारण पुढे एका निर्णयावर तिचा थेट परिणाम झाला. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत काळवीट आहे, म्हणजे त्याला कायद्याचे सर्वांत कडक संरक्षण आहे. या कायद्यातली शिकारीची व्याख्या जिवे मारण्यापुरती नाही. पकडणे, फासे किंवा सापळे लावणे, पाठलाग करणे, हाकणे, आमिष दाखवणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे हे सारे तिच्यात येते. छायाचित्रासाठी कळप हाकणे हा निरुपद्रवी प्रकार आहे असे समजणारे पुष्कळ भेटतात, म्हणून हे मुद्दाम नोंदवले.

काळवीट अभयारण्यात राहतो आणि तिथेच पाहायचा असतो, हीही एक अपुरी समजूत आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातले रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य १९८० साली जाहीर झाले, त्याचे क्षेत्र जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटर आहे. सोलापूरजवळच्या नान्नजचे अभयारण्य माळढोकासाठी, १९७९ साली. अशा ठिकाणी कळप विसाव्याला असतात, पण चरायला ते आजूबाजूच्या ज्वारीत, हरभऱ्यात आणि तुरीत उतरतात, कारण त्यांच्या लेखी माळ आणि शेत यांच्यामध्ये कुंपण नसते. महाराष्ट्रातला काळवीट मोठ्या प्रमाणावर शेतकऱ्यांच्या शेजाराने जगतो. आम्हीही अभयारण्यात न जाता खासगी शेतांच्या आणि गावमाळाच्या सीमेवर काम करायचे ठरवले. आमच्यातल्या एकाच्या मामांची तिथे बारा एकर कोरडवाहू जमीन आहे. त्यांना गावात आणि आता आमच्यातही अण्णा म्हणतात.

आखणी राजारामपुरीतल्या एका घरी दोन रविवार बसून झाली. उपग्रह नकाशावर अण्णांची वस्ती, तिच्या पश्चिमेला ज्वारीचा तुकडा, त्याला लागून सुमारे दीडशे एकरांचा माळ, आणि माळाच्या पलीकडे तात्यांचा हरभरा, असे सारे आम्ही रंगीत पेन्सिलींनी उतरवून घेतले. तात्या म्हणजे अण्णांचे शेतशेजारी. महिना फेब्रुवारीचा निवडला, कारण काळविटांच्या माजाचा एक मुख्य काळ फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो आणि त्या वेळी हद्द धरलेला नर जागा सोडत नाही. वेळ सकाळची, कारण नऊ-साडेनऊनंतर तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेच्या लाटांनी लांब लेन्समधले चित्र थरथरते आणि कितीही महागडी लेन्स असली तरी केस न केस दिसत नाही. मतभेद झाला तो वाऱ्यावरून. सूर्य पाठीशी हवा असेल तर कळपाच्या पूर्वेला बसायला हवे, आणि त्या दिवसांत पहाटेचा वारा बहुधा पूर्वेकडूनच वाहतो, म्हणजे आमचा वास सरळ कळपाकडे जाणार. काळवीट नाकापेक्षा डोळ्यांवर अधिक विसंबतो, असे म्हणून आम्ही उजेडाच्या बाजूने कौल दिला. हा निर्णय आजही मला बरोबर वाटतो. चूक दुसरीकडे होती : नकाशावर शेते होती, बांध होते, ओढा होता, पण त्या वेळी त्या शेतांत कोण असेल आणि काय करत असेल याची एकही नोंद नव्हती.

पहिल्या सकाळी साडेपाचला आम्ही पाचही जण मातकट कपड्यांत, अण्णांच्या ज्वारीच्या कडेने बांधाच्या आड वाकून निघालो. शेवटचे अंतर कोपरांवर सरकत कापले. कुसळी गवत पिकलेले होते. त्याची टोके सदऱ्यातून अंगात घुसत होती आणि थांबून ती काढण्याचीही सोय नव्हती. उजाडले तेव्हा कळप समोर होता : वीसेक माद्या, त्यांची पिले, तीन-चार तपकिरी तरुण नर आणि थोड्या अंतरावर, एका खुरट्या बाभळीजवळ, तो काळा. पोट आणि डोळ्यांभोवतीचे कडे पांढरेशुभ्र, बाकी अंग डांबरासारखे. अंतर अडीचशे पावलांच्या आसपास असावे.

तेवढ्यात एक टिटवी उठली. ती आमच्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडत राहिली आणि एका क्षणात माद्यांच्या साऱ्या माना आमच्या दिशेने वळल्या. आम्ही आणखी चपटे झालो. दोन माद्यांनी जागच्या जागी सरळ उंच उड्या घेतल्या आणि कळप पश्चिमेकडे सुटला. काळ्या नराने थोडे थांबून पाहिले, मग तोही गेला. सारा कळप माळ ओलांडून तात्यांच्या हरभऱ्यात शिरला, तिथून कुत्र्यांनी त्याला पुन्हा वळवले, आणि तो हरभऱ्याचा एक लांब पट्टा तुडवत उत्तरेला निघून गेला.

आठ वाजता तात्या वस्तीवर आले. त्यांनी आवाज चढवला नाही. हातातली हरभऱ्याची मुळासकट उपटलेली दोन झाडे त्यांनी ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, "फोटू तुमचा, हरभरा आमचा." याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. घाटे भरायच्या दिवसांतले पीक होते, आणि ते आमच्यामुळे तुडवले गेले होते. सारी आखणी करताना त्या शेताला आम्ही फक्त 'पश्चिमेची हद्द' असे नाव दिले होते.

मी आणि आमचे छायाचित्रकार तात्यांबरोबर शेतात गेलो. तिथे दोन प्रकारचे नुकसान दिसले आणि ते वेगळे करणे मला आवश्यक वाटले. एक जुने : रात्री येऊन शेंडे खुडल्याचे, जागोजागी सुकलेल्या लेंड्या आणि टोकदार, दुभंगलेल्या खुरांचे कोरडे ठसे असलेले. दुसरे त्याच सकाळचे : सुमारे दोन गुंठ्यांचा तुडवलेला पट्टा, ज्यातली माती अजून ओलसर उलटलेली होती. वन्यप्राण्यांकडून होणाऱ्या पीकनुकसानीसाठी शासनाकडून भरपाई मिळते आणि त्या यादीत हरीण आहे, पण तात्यांनी तोवर एकदाही अर्ज केला नव्हता. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत पीक निघून जाते, असा त्यांचा अनुभव होता. जुन्या नुकसानीचा अर्ज आम्ही त्यांच्याबरोबर बसून भरला आणि त्याला जोडायला खुणांची, ठशांची, खुडलेल्या शेंड्यांची जवळून छायाचित्रे काढून दिली. त्या दौऱ्यातली पहिली उपयोगी छायाचित्रे तीच. आजचा पट्टा मात्र काळविटांच्या नावावर टाकणे खोटे झाले असते. त्याची किंमत अण्णांनी ठरवली आणि ती आम्ही दिली. तात्यांनी दोनदा नको म्हटले, तिसऱ्यांदा घेतली.

दुपारी कडुनिंबाखाली बसलो असताना मी अण्णांना विचारले की आम्ही इतके लपून गेलो तरी कळपाने आम्हाला टिपले कसे. अण्णा म्हणाले, "सर, तुमी लपत आला म्हणून तर वळखलं. लांडगं तसंच येतंय. आमी रोज हितं उभं ऱ्हातोय, आमाला बघून त्यो मान बी वर करत न्हाई."

या प्रकरणाचा सारा उलगडा या तीन वाक्यांत आहे. माळावर लांडगा बांधाच्या आडून, पोट जमिनीला लावून येतो, मोकाट कुत्रीही तशीच येतात, आणि काळविटाच्या कळपात जगून राहिलेली प्रत्येक मादी ती आकृती ओळखून आहे. ताठ उभा असलेला, खोकणारा, बैलांना हाका मारणारा शेतकरी तिच्या रोजच्या पाहण्यातला. उघड्या मुलखात आडोसा नसतो असे आपण म्हणतो. वस्तुतः तिथे शेतीकामाइतका दुसरा चांगला आडोसा नाही, फक्त ते काम खरे असावे लागते.

कोल्हापूरच्या माणसाला हे आधी सुचायला हवे होते, याची मला खरोखर खंत वाटली. राजर्षी शाहू महाराजांच्या (१८७४–१९२२) आणि पुढे राजाराम महाराजांच्या काळात कोल्हापूर दरबारी काळविटाच्या शिकारीसाठी चित्ते पाळलेले असत. आपल्याकडचा चित्ता दुर्मीळ झाल्यावर कोल्हापूरने आणि शाहू महाराजांचे सहाध्यायी भावसिंहजी यांच्या भावनगरने आफ्रिकेतून चित्ते आणवले होते. न्यू पॅलेसच्या संग्रहालयात पेंढा भरून ठेवलेले शिकारीचे प्राणी आपण लहानपणापासून पाहत आलो, पण ती शिकार साधत कशी असे याचा विचार फारसा केला नाही. चित्ता काही सेकंदच पूर्ण वेगाने धावू शकतो. काळवीटही ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास पळतो आणि दम टिकवून पळतो. म्हणून सारे यश चित्त्याला शंभर-दीडशे पावलांपर्यंत नेण्यावर अवलंबून असे, आणि ते साधे बैलगाडीने. डोळ्यांवर झापड बांधलेला चित्ता गाडीवर बसवायचा, गाडी कळपाच्या रोखाने सरळ न नेता रस्ता चुकल्यासारखी वळसे घेत न्यायची, दर वळशाला अंतर थोडे कमी करायचे, आणि काळा नर नेमका बाजूला सापडला की झापड काढायची. कळप गाडीकडे दुर्लक्ष करी, कारण शेतातली गाडी त्याच्या ओळखीची होती. ज्या चित्त्यासाठी हे सारे चाले तो भारतातून नाहीसा झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले, आणि २०२२ मध्ये नामिबियातून कुनोला आणलेल्या आठ चित्त्यांपर्यंत आपल्या माळांना तो पुन्हा दिसला नाही.

दुसरा धडा फासेपारध्यांच्या जुन्या पद्धतीतला. शाहू महाराजांनी ज्यांना कोल्हापूरजवळच्या सोनतळीला काम आणि आसरा दिला त्या समाजाची ही पिढीजात विद्या. ते पाळीव नराच्या शिंगांना फासे बांधून त्याला दुसऱ्या नराच्या हद्दीत सोडत. हद्दीचा मालक चाल करून येई आणि शिंगे अडकली की फाशात सापडे. यातले तत्त्व असे की माजावर आलेला नर आपल्या जागेला बांधलेला असतो. त्याच्या मागे जाण्याचे कारण नाही. तो कुठे परत येणार हे कळले की पुरे.

म्हणून दुसरा पूर्ण दिवस आम्ही काहीही न करता पाहण्यात घालवला. सकाळचा कळप दुपारपर्यंत परतला होता, आणि काळा नर तर त्याहून आधी. वस्तीवरून दुर्बिणीतून पाहता त्या खुरट्या बाभळीच्या पूर्वेला, ज्वारीच्या कडेपासून साठेक पावलांवर, एक काळपट गोल दिसत होता : लेंड्यांचा ढीग. हद्द धरलेला नर ठरलेल्या जागीच लेंड्या टाकतो आणि दिवसातून अनेकदा तिथे परत येतो. दुपारी तीन ते सूर्यास्त या वेळात तो तिथे चार वेळा आला. दर वेळी आधी ढीग हुंगला, पुढच्या पायाने उकरला, मग त्यावर बसल्यासारखा वाकला, आणि जाता जाता डोळ्याखालच्या ग्रंथीचा स्राव बाभळीच्या त्याच एका फांदीला पुसला.

त्याच संध्याकाळी गावातल्या एका तरुणाने मदत देऊ केली. चार पोरे तात्यांच्या बाजूने आरडाओरडा करत आली तर कळप सरळ ज्वारीच्या कडेला येईल आणि आम्हाला हवे तितके फोटो मिळतील, असे तो म्हणाला. आमच्यातल्या दोघांना ते पटले, कारण दुसऱ्या दिवशी दुपारी परतायचे होते. मी नकार दिला. कायद्याने हाकणे म्हणजे शिकारच, हे एक कारण. दुसरे मला अधिक महत्त्वाचे वाटते : माद्या त्या दिवसांत गाभण असतात किंवा त्यांच्यासोबत लहान पिले असतात, आणि त्या परिसरात कठडा नसलेल्या विहिरी आहेत. घाबरून पळणारा कळप विहीर पाहत नाही. रात्री गाडीच्या दिव्यांनी शोधण्याची सूचनाही आली. तिच्यावर चर्चा केली नाही.

तिसऱ्या दिवसाची आखणी अण्णांनी केली. ज्वारीची काढणी होऊन पेंढ्या बांधून पडलेल्या होत्या आणि कडबा वस्तीवर आणायचा होताच. ते काम त्यांनी माळाकडच्या कडेपासून सुरू करायचे ठरवले. ट्रॅक्टर मिळत होता, पण त्याच्या धडधडीने लेन्स हलते आणि तो भरून एकदाच जातो. बैलगाडी थांबते, पुढे सरकते, पुन्हा थांबते. अण्णांची खिलार जोडी अजून दावणीला आहे, म्हणून हे शक्य झाले. पाचांपैकी तिघांनी मळकी पागोटी बांधून पेंढ्या उचलायच्या आणि खरेच भरायच्या. छायाचित्रकार आणि मी साटीवर, कडब्याच्या दोन थरांमध्ये ठेवलेल्या फटीत. अण्णांची एक अट होती : आम्ही दोघांनी काही झाले तरी खाली उतरायचे नाही, आणि बाकीच्यांनी कधीही वाकून थांबायचे नाही, पेंढी उचलायला वाकावे आणि लगेच सरळ व्हावे.

सहा चाळीसला गाडी शेतात शिरली. टिटवी उठली, एक घिरटी घेऊन बसली. माद्यांनी माना वर केल्या. अण्णांनी नेहमीच्या आवाजात बैलांना हाक दिली आणि माना खाली गेल्या. मी ते दृश्य फटीतून पाहत होतो आणि दोन दिवसांपूर्वी हीच जनावरे अडीचशे पावलांवरून उधळली होती हे मला खरे वाटेना. गाडी तीनदा पुढे सरकली. चौथ्या थांब्याला ती ढिगाच्या सरळ समोर, सूर्य पाठीशी घेऊन उभी राहिली. एक बैल रवंथ करू लागला आणि त्याच्या गळ्यातली घंटा संथ लयीत वाजत राहिली.

सात वीसला तो आला. नाकपुड्या वर, कान मागे पाडलेले, शिंगे जवळजवळ पाठीला टेकलेली, अशा त्याच्या मिरवणाऱ्या चालीने तो एका मादीभोवती अर्धा फेरा घालून सरळ ढिगाकडे वळला. अंतर साठ पावले, कदाचित थोडे कमी. त्याच्या मानेवरचे काळे केस दवाने ओले होऊन चिकटलेले दिसत होते, डाव्या शिंगाच्या दुसऱ्या पिळाजवळ एक टवका उडालेला होता, आणि डोळ्याखालची ग्रंथी उघडमिट होताना स्पष्ट कळत होती. शिंगाचे पीळ आम्ही मोजले : चार. त्याने बाभळीची फांदी हुंगली, तिच्यावर गाल घासला, मग मान उचलून थेट गाडीकडे पाहिले. छायाचित्रकाराने बोट उचलून घेतले. पेंढी उचलणारा आमचा मित्र सरळ उभा राहिला आणि पेंढी गाडीवर टाकली. तिच्या धपकन आवाजासरशी नराने कान हलवला आणि पुन्हा ढीग उकरू लागला. आठ पाचपर्यंत तो दोनदा येऊन गेला. मग गाडी भरली, म्हणून आम्ही निघालो. गाडी भरल्यावर थांबून राहणे हे त्या शेतात कोणी करत नाही.

पहिल्या आखणीत आमचे काय चुकले हे अनेकांनी विचारले, आणि बहुतेकांना टिटवीचे उत्तर आवडते. टिटवी तिसऱ्या दिवशीही उठली होती. आम्ही माळाला रिकामी जागा समजलो आणि शेतकऱ्याला यजमान समजलो, हे खरे कारण. आखणीच्या पहिल्या रविवारी जर अण्णांना एक फोन करून त्या आठवड्यात कोणत्या तुकड्यात काय काम आहे एवढेच विचारले असते, तर दोन गुंठे हरभरा वाचला असता. तात्यांनाही आम्ही येत आहोत हे आधी सांगायला हवे होते. कळप कुठे पळेल हा प्रश्न नकाशावर आम्हाला पडलाच नव्हता, कारण आम्ही तो पळणार नाही असे गृहीत धरले होते. आणि पाच माणसे हा आकडाही चुकीचा होता : शेतात दोन माणसे उपयोगी पडली आणि तिघांचे काम अण्णांच्या घरच्यांनी अधिक चांगले केले असते.

छायाचित्रांच्या दोन मोठ्या प्रती आम्ही अण्णांना आणि तात्यांना पाठवल्या. तात्यांच्या अर्जाचा पंचनामा झाला, हे अण्णांनी नंतर कळवले.

यंदा रब्बीच्या पेरणीआधीच मी अण्णांना फोन केला. माळाला लागून असलेल्या तुकड्यात या वर्षी तूर आहे, ज्वारी नाही, असे ते म्हणाले. तूर जानेवारीपर्यंत निघून जाते, म्हणजे फेब्रुवारीत त्या शेतात गाडीला काही कारणच उरणार नाही. मी तसे म्हटल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले, आणि मग म्हणाले की शेणखत एरवी उन्हाळ्यात टाकतात, पण या खेपेला ते महाशिवरात्रीच्या सुमारास ओढायला घेतील. पहिल्या चार दिवसांत गाड्या माळाच्या कडेला पडू द्या, तुम्ही पाचव्या दिवशी या.